दिंडी दरवाजा आणि तीन ठिपके



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांना गावात कुणी नावाने हाक मारली नाही. ते सगळ्यांचे कॅशियरकाका. सहकारी बँकेच्या खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर या वाचनालयाचे हिशेब त्यांनी सांभाळले. मी कॉलेजात असताना एकदा वडिलांचा चेक वटवायला त्यांच्या खिडकीपाशी गेलो होतो. आमची घरं एकाच आळीत. आदल्याच रात्री काका आमच्याकडे आमरस खाऊन गेले होते. तरी त्यांनी माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. चेक घेतला, कपाटातून नमुना सहीचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी शेजारी धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ न्याहाळलं. मी म्हटलं, "अहो काका, मी!" ते म्हणाले, "तू आहेस ते दिसतंय. पण पैसे तोंड बघून द्यायचे नसतात, सही बघून द्यायचे असतात."

हे वाक्य मला पुढे लागणार आहे. तोवर खिशात ठेवा.

व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळाच्या चिटणिसांनी मला 'सायबर सुरक्षा' असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी कापून लहान केला. सायबर सुरक्षा म्हटलं की श्रोते एकतर घाबरतात किंवा झोपतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज बोलायचं ते फक्त ब्राउझरबद्दल. क्रोम असेल, फायरफॉक्स असेल, एज असेल, आयफोनवाल्यांचा सफारी असेल. ज्या एका खिडकीतून तुम्ही बँक बघता, रेल्वेचं तिकीट काढता, सातबारा उतरवून घेता, ती खिडकी. आणि त्यातही तिच्या सेटिंगबद्दल.

विषय कळल्यावर एक स्नेही म्हणाले, "हा काय व्याख्यानाचा विषय? हे तर मुलाला सांगून करून घ्यायचं काम." मी विचारलं, मुलाने काय केलं ते तुम्हाला माहीत आहे? म्हणाले, नाही. मी विचारलं, मुलाला माहीत आहे? त्यावर ते हसले. त्या हसण्यात आजचा सगळा विषय आहे बघा. कारण तुम्ही जन्मात एकही बटण दाबलं नसलंत तरी तुमच्या ब्राउझरची सेटिंग असतातच. ती रिकामी नसतात. कुणीतरी, कुठेतरी, तुमच्या वतीने ती आधीच लावून ठेवलेली असतात. ती कुणी लावली? कुणाच्या सोयीने लावली? आणि त्यातली कुठली अजून आपल्या हातात आहेत?

जुना वाडा ज्यांनी बघितला आहे त्यांना आठवेल. दरवाजा केवढा, तर हत्ती आत यावा एवढा. पण तो रोज कुणी उघडत नसे. त्या मोठ्या दरवाज्याच्या पोटात एक लहानसा दरवाजा असायचा, दिंडी. येणाऱ्याने वाकून, एकेकट्याने आत यायचं. आत आल्यावर देवडी, मग चौक, मग ओटी. व्यापारी ओटीपर्यंत. सोयरा माजघरापर्यंत. स्वयंपाकघरात कोण, देवघरात कोण, हे न सांगता ठरलेलं असायचं. (त्या ठरण्यात जातीपातीचा केवढा अन्याय होता हेही आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचं गुणगान मी करत नाही. मला फक्त बांधकाम उसनं घ्यायचं आहे.) चांगला ब्राउझर असाच बांधलेला असतो. एका साइटने दुसऱ्या साइटच्या खोलीत डोकावायचं नाही, हा नियम नव्वदच्या दशकाच्या मध्यात नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये आणला. तुम्ही एका टॅबमध्ये बँक उघडलीत आणि दुसऱ्यात गाण्यांची साइट, तर गाण्यांच्या साइटला बँकेचा टॅब वाचता येत नाही. तो नियम आजही सगळ्या इमारतीचा पाया आहे, आणि त्याचं सेटिंग तुम्हाला कुठेही सापडणार नाही. काही अडसर मालकालाही काढता येऊ नयेत असेच बसवलेले असतात. ते बरंच आहे.

पण सगळ्याच बाबतीत इतकं शहाणपण दाखवलं गेलं नाही. कुकीची गोष्ट घ्या.

वेब मुळात विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितलंत, त्याने दिलं, आणि पुढच्या क्षणी तुम्ही कोण हे तो विसरला. खरेदीची टोपली भरायची कशी? १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली या अभियंत्याने त्यावर तोड काढली. साइटने तुमच्याच संगणकावर एक चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या खेपेला ती दाखवायला सांगायची. ही कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा बिल्ला. कल्पना निरुपद्रवी, उपयोगी, मी तर म्हणेन सुंदर. पण दोन गोष्टी झाल्या. एक, हा बिल्ला वाटणं पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि वापरणाऱ्याला ते सांगितलेलं नव्हतं. १९९६ च्या फेब्रुवारीत 'फायनान्शियल टाइम्स'ने त्यावर लिहिलं तेव्हा लोकांना कळलं. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट. पानावर जाहिरात लावणारी तिसरीच कंपनीही बिल्ला देऊ लागली. म्हणजे तुम्ही गेलात विठोबाच्या देवळात, तिथे चपलांच्या बिल्ल्याबरोबर कुणा तिसऱ्याच माणसाने तुमच्या खिशात आपलाही एक बिल्ला सरकवला. मग तुम्ही भाजी बाजारात गेलात, दवाखान्यात गेलात, सोनाराकडे गेलात, आणि प्रत्येक ठिकाणी तोच माणूस दाराशी उभा राहून तो बिल्ला बघतो आहे आणि वहीत टिपतो आहे.

हे लक्षात आलं नव्हतं का कुणाच्या? आलं होतं. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाने १९९७ मध्येच लिहून ठेवलं की तिसऱ्याची कुकी घेऊच नये, निदान मुळात ती बंद असावी. ज्याला हवी त्याने चालू करावी. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मानलं नाही. जाहिरातीचा धंदा त्यावर उभा राहत होता. पुढे ॲपलच्या सफारीने सगळ्या तिसऱ्या कुकी सरसकट बंद केल्या त्या मार्च २०२० मध्ये. १९९७ ते २०२०. मधल्या तेवीस वर्षांत मूल जन्मून पदवीधर होतं. फायरफॉक्सने माग काढणाऱ्या परिचित कुकी २०१९ मध्ये अडवल्या आणि २०२२ पासून प्रत्येक साइटची बरणी वेगळी केली, म्हणजे लोणच्याचा चमचा मुरंब्यात जाणार नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर जो आहे, तो क्रोम? गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की आम्हीही या कुकी घालवणार. मग मुदत पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. २०२४ च्या जुलैमध्ये बेत सोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की आहे तसंच राहील. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीकडून दुसरं काय व्हायचं होतं, असं म्हणणारे म्हणतीलच. मी एवढंच म्हणतो की निर्णय पुन्हा तुमच्यावर आला. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत. त्यात सेटिंग्ज, त्यात 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'थर्ड पार्टी कुकीज', आणि तिथे 'ब्लॉक'. माझ्या घरच्या सगळ्या यंत्रांवर ते मी केलं आहे. एखादी जुनी सरकारी साइट कुरकुरते, तेव्हा तेवढ्यापुरतं उघडतो. दिंडीतून.

मूळ सेटिंग बदललं की काय होतं याचं दुसरं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे. ज्यांनी २००० च्या आसपास इंटरनेट कॅफेत तासाचे पैसे मोजले आहेत त्यांना ते दिवस आठवतील. एक खिडकी बंद करावी तर चार उघडत. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये 'सिक्युरिटी झोन' नावाची सोय १९९७ पासून होती. विश्वासाच्या साइट, निर्बंधाच्या साइट, हाय, मीडियम, लो अशी सरकपट्टी. म्हणजे ओटी, माजघर, देवघर सगळं कागदावर होतं. पण पट्टी सरकवली कुणी? कॅफेवाल्याने नाही, तुम्ही नाही, मीही नाही. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची दुसरी मोठी दुरुस्ती काढली आणि उडत्या खिडक्या अडवणं आणि फायरवॉल या दोन्ही गोष्टी मुळातच चालू करून दिल्या. शहाणं झालं कोण? लोक तेच होते. बदललं ते मूळ सेटिंग. माणसाला उपदेश करून जे झालं नाही ते कारखान्यातून निघतानाच्या एका खुणेने झालं.

आता कुलूप. किती जणांनी ऐकलंय की पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चित्र असलं की साइट सुरक्षित? हात वर करा. ... जवळजवळ सगळेच. शाळेत शिकवतात, बँकेच्या पत्रकात छापतात, मीही अनेक वर्षं सांगत होतो. आज जाहीरपणे ते मागे घेतो.

कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या यंत्रापासून त्या साइटपर्यंतचं बोलणं मधल्या कुणाला ऐकू येत नाही. एचटीटीपीएस म्हणतात ते हेच. पण पलीकडे बोलणारा कोण? चोर असेल तर? चोराशी तुम्ही अगदी खासगीत, कानात बोलताय, एवढीच हमी कुलूप देतं. पूर्वी हे कुलूप मिळवायला पैसे पडत. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने ते सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली, आणि हे फार मोठं काम झालं. वेबवरचं उघड्यावरचं बोलणं त्यामुळे झपाट्याने बंद होत गेलं. जुलै २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटला 'नॉट सिक्युअर' म्हणू लागला. पण फुकट ते सगळ्यांना फुकट, भामट्यालाही. गूगलने २०२१ मध्ये लोकांना विचारून पाहिलं, कुलपाचा नेमका अर्थ काय? शंभरातल्या अकरांनाच सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं आणि तिथे दोन सरकपट्ट्यांची साधी खूण ठेवली. तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं? माझ्याही आलं नव्हतं.

बरं, पलीकडचा तोच आहे हे सांगतं कोण? त्यासाठी नोटरीसारख्या संस्था असतात. त्या प्रमाणपत्र देतात, ब्राउझर त्यांच्यावर विश्वास ठेवतो. नोटरीच फुटला तर? २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र निघालं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. संस्था बुडाली. आपण लांबचं उदाहरण ऐकून सुस्कारा सोडायला नको म्हणून जवळचं सांगतो. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या नावाची काही अनधिकृत प्रमाणपत्रं सापडली, आणि ती निघाली होती आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, एनआयसीच्या, शिक्क्याने. विंडोज त्या शिक्क्यावर विश्वास ठेवत होतं. फायरफॉक्सची विश्वासू नोटरींची यादी स्वतःची, तिच्यात तो नव्हताच, म्हणून फायरफॉक्सवाले वाचले. ती प्रमाणपत्रं रद्द झाली आणि क्रोमने भारतीय शिक्क्याला सरकारी आणि तत्सम ठरावीक पत्त्यांपुरतंच मर्यादित केलं. मी हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. ब्राउझर कोणता निवडता, हेही एक सेटिंगच आहे, आणि त्या निवडीबरोबर तुम्ही एक विश्वासाची यादी निवडता, एवढं त्यातून दिसतं.

कुलपाच्या बाबतीत तुमच्या हातात एक बटण मात्र आहे. क्रोममध्ये 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स', फायरफॉक्समध्ये 'एचटीटीपीएस ओन्ली मोड'. ते चालू करा. साइट उघड्यावर बोलणारी असेल तर ब्राउझर आधी थांबून विचारेल. क्रोमच्या त्याच पानावर 'सेफ ब्राउझिंग' दिसेल. त्यात तीन पायऱ्या आहेत, वाढीव, साधी आणि काहीच नाही. तिसरी कुणी निवडू नये. वाढीव घेतलीत तर तुम्ही कुठे जाता याची जास्त माहिती गूगलकडे जाते, बदल्यात राखणही जास्त होते. हा व्यवहार आहे. माझ्यासाठी मी साधी ठेवतो. माझ्या ताईच्या फोनवर वाढीव ठेवली आहे. का, ते सांगतो.

ताई सांगलीला असते. पंचाहत्तरी झाली, पण एकादशी कधी आणि प्रदोष कधी हे तिला भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा फोनवर बघायला आवडतं. एके दिवशी रात्री साडेदहाला फोन. "अरे, माझ्या फोनमध्ये तेरा व्हायरस आहेत म्हणे. मोजून तेरा. आणि बँकेचं खातं आज रात्री बंद होणार आहे." दर दहा मिनिटांनी लाल खुणेचा संदेश येत होता. माझ्याशी बोलून झाल्यावर तिने फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. का, तर पाण्यात पडल्यावर ठेवतात म्हणून! मी दुसऱ्या दिवशी गेलो. विषाणू एकही नव्हता. कुठल्याशा पंचांगाच्या साइटवर एक पाटी आली होती, 'अलाउ' आणि 'ब्लॉक'. ताईला वाटलं, अलाउ म्हटल्याशिवाय पंचांग दिसायचं नाही. झालं. त्या एका होकाराने त्या साइटला तिच्या फोनच्या पडद्यावर हवं तेव्हा पाटी लावायचा हक्क मिळाला होता, आणि साइटने तो भाड्याने लावला होता.

सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अशा एकवीस साइट निघाल्या. ताई प्रत्येक नाव वाचून म्हणे, "ही कोण बाई? मी हिला कधी बोलावलं?" सगळ्या काढल्या. आणि खालचा पर्याय निवडला की यापुढे कुणी विचारायचंच नाही. पंचांग तरीही दिसतं. माझं मत विचाराल तर पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने आणि पन्नाशीच्या आतल्याही प्रत्येकाने आज रात्री हे एवढं एक करावं. मी एवढ्या ठामपणे दुसऱ्या कुठल्याही सेटिंगबद्दल बोलणार नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांचं तसं नाही. व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायचं तर कॅमेरा द्यावा लागतो. पण तिथे 'या वेळेपुरता' असा पर्याय असतो, तो घ्यावा. वाड्यात आलेल्या गवंड्याला कुणी किल्ली देऊन टाकत नाही.

ताईला हसून मी परत आलो, आणि इथे माझीच फजिती सांगायची पाळी येते. मी पीडीएफची वर्ड फाइल करणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं एक जोडकाम, घेतलं होतं. लावताना त्याने स्वच्छ शब्दांत विचारलं होतं, 'सगळ्या साइटवरची तुमची सगळी माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी?' मी हो म्हटलं. आयुष्यभर लोकांना कागद वाचून सही करा असं सांगणारा मी! ते एकदाच वापरलं आणि दोन वर्षं तसंच बसलं होतं, माझ्या बँकेच्या पानासकट सगळं वाचण्याचा हक्क घेऊन. त्याने काही केलं की नाही, कुणास ठाऊक. पण एक्स्टेन्शनचा खरा धोका लावतानाचा नसतोच. वापरात नसलेले टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक फार लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, वीस लाखांच्या वर माणसं वापरत. करणारा सज्जन, काम चोख. २०२० मध्ये त्याने ते विकलं. घेणारा कोण, ते धड कुणाला कळलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड आहे म्हणून ते सगळ्यांच्या यंत्रांवर बंद केलं. भाडेकरू तोच दिसतोय, पाटीवर नाव तेच आहे, पण आत कधी दुसराच राहायला आला? म्हणून एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि ज्याचं नाव वाचून काम आठवत नाही ते काढा. मी अकरापैकी दोन ठेवली.

'इन्कॉग्निटो'बद्दल थोडक्यात, कारण प्रश्नोत्तरात तो येतोच आणि विचारणारा नेहमी मित्रासाठी विचारत असतो. ती काळ्या चष्म्याची खिडकी घरातल्या माणसांपासून लपवते. तुमचं इंटरनेट पुरवणारा, ऑफिस, ती साइट, यांच्यापासून नाही. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये जमवलेला बराच तपशील नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. पुढे जाऊ.

फोनवाल्यांसाठी एक. लग्नपत्रिका म्हणून, वाहतुकीचं चलान म्हणून, व्हॉट्सॲपवर फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके'. ती पत्रिका नसते, ॲप असतं, आणि ते तुमचे बँकेचे एसएमएस वाचतं. अँड्रॉइडमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' नावाची यादी आहे. त्यात क्रोम, व्हॉट्सॲप, फाइल्स, सगळ्यांसमोर 'नॉट अलाउड' हवं. पत्रिका आली तर यजमानांना फोन करा. तेवढंच बोलणं होतं.

आता काकांचं वाक्य खिशातून काढा.

तुमच्या बँकेच्या साइटसारखीच हुबेहूब साइट बनवायला किती वेळ लागतो? चित्रं तीच, रंग तोच, खाली रिझर्व्ह बँकेचं बोधवाक्यही तेच. पान म्हणजे तोंड. तोंड कुणालाही लावता येतं. सही कुठे असते? वरच्या पट्टीत, पत्त्यात. आणि पत्ता वाचायची रीत आपल्याला लहानपणापासून येते. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा. पोस्टमन कुठून वाचायला लागतो? शेवटून. आधी जिल्हा. वेबचा पत्ताही पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि शेवटून वाचायचा. सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव आहे, मधे 'सिक्युअर' आहे, आणि रेघेच्या आधी शेवटी भलतंच काही डॉट कॉम आहे, तर ते पत्र तुमच्या जिल्ह्यातलंच नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये फक्त बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा जिल्हा जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे राहायला जायला सगळ्या बँकांना सांगितलं. तिथे बँकेशिवाय कुणाला घर मिळत नाही. याला मी गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत शहाणी गोष्ट मानतो, कारण यात ग्राहकाने शहाणं व्हायची वाट बघितलेली नाही.

पण रात्री अकराला, चष्मा दुसऱ्या खोलीत असताना, पत्ता शेवटून वाचणार कोण? कबूल करा, कुणी नाही. इथे ब्राउझरमधला पासवर्ड सांभाळणारा कामाला येतो. लोक त्याला सोय समजतात. टाइप करायचा कंटाळा वाचतो म्हणून. मला तो खिडकीमागचे कॅशियरकाका वाटतो. तो पान बघतच नाही. रंग, चित्र, बोधवाक्य, काही बघत नाही. पत्ता आणि आपल्याकडचं नमुना सहीचं कार्ड, एवढंच जुळवून बघतो. एका अक्षराचा फरक असला तरी गप्प बसतो, पासवर्ड देत नाही. आणि आपण काय करतो? "आज हे नीट चालत नाहीये" म्हणतो आणि आठवून आठवून स्वतः टाइप करतो! काकांनी एकदा बँकेच्या चेअरमनचा चेक परत केला होता. सही जुळेना. चेअरमन स्वतः समोर उभे, हाताला प्लास्टर, त्यामुळे सही डाव्या हाताची. सगळी बँक ओशाळली. काका म्हणाले, नवीन नमुना द्या, रीतसर, मग देतो. चेअरमन चिडून गेले आणि चार दिवसांनी रीतसर नमुना घेऊन आले. तुमचा ब्राउझर पासवर्ड भरायचा थांबला तर हात मागे घ्या आणि पत्ता वाचा. (ज्या फोनला किंवा संगणकाला कुलूपच नाही, त्यावर मात्र पासवर्ड साठवू नका. कार्डांचं कपाट उघडं टाकून काका कधी जेवायला गेले नाहीत.)

आणि तरीही एक दार असं आहे की तिथे कुठलंही सेटिंग पोचत नाही. अलीकडे एक पान येतं. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.' चौकटीत टिचकी मारली की सूचना येते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. बिचारा माणूस करतो. टिचकीबरोबर त्या पानाने एक आज्ञा गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, ठेवलेली असते, आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने, ब्राउझरच्या बाहेर, संगणकाला दिलेली असते. दिंडी, देवडी, अडसर सगळं शाबूत, आणि मालकानेच परसदारातून पाहुणा आत घेतला. ब्राउझर काय करणार? त्याची हद्द संपली. कुठलीही खरी साइट तुम्ही माणूस आहात का हे बघायला असल्या कळा दाबायला सांगत नाही, एवढं माहीत असणं हाच तिथला अडसर. आणि पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० ला फोन. पहिल्या तासाभरात सांगितलं तर पैसे मधे अडवता येण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगू म्हणणाऱ्यांचे बहुधा राहत नाहीत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी सरकवली आहे. एक शेवटचं राहिलं, अपडेट. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमची सुरक्षेची डागडुजी दर आठवड्याला येते. भोक कुठे होतं हे ती डागडुजी आली की जगाला कळतं, चोरालाही. मधल्या दिवसांत ज्याने ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला नाही, त्याच्या भिंतीवर भोकाभोवती खडूने गोल काढून ठेवल्यासारखं असतं.

मघाशी चहासाठी मी मंडळाच्या कार्यालयात बसलो होतो. तिथल्या संगणकावर, ज्यावर तुमच्या वर्गण्यांचे हिशेब असतात, वरच्या उजव्या कोपऱ्यात अपडेटची पाटी लागलेली होती. मी चिटणिसांना विचारलं, कधीपासून आहे? ते म्हणाले, "ती असतेच." टॅब मोजले, चव्वेचाळीस निघाले. बंद केले तर हरवतील म्हणून दिवाळीपासून ब्राउझर बंदच केलेला नाही. प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं द्या. चिटणीस, चला, तुम्ही आणि मी जाऊन येऊ.